एकच अहवाल, दोन निकाल

अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकाच्या चौदाव्या खंडात, १९५६ साली, पृष्ठ ६९१ ते ७४२ वर एक अहवाल छापलेला आहे. विषय वरवर रुक्ष आहे. रक्तातल्या लायपोप्रोटीनच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या मोजणीवरून कोणाला हृदयविकार होणार हे आधी सांगता येतं का, याची तपासणी. चार प्रयोगशाळांनी मिळून केलेला अभ्यास, सर्वांना मान्य असलेले आकडे, आणि शेवटी मात्र दोन निष्कर्ष. तीन प्रयोगशाळांचा एक, चौथीचा त्याच्या विरुद्ध. न्यायमूर्तींचं भिन्नमत निकालपत्रात छापलं जातं हे आपल्याला ठाऊक आहे; वैद्यकीय शोधनिबंधात असं सहसा घडत नाही.

या अहवालाभोवती दोन कथा तयार झाल्या आहेत. पहिली कथा पराभवाची आहे. कॅलिफोर्नियातल्या जॉन गॉफमन नावाच्या तरुण संशोधकानं अवाढव्य यंत्राच्या जोरावर मोठा दावा केला, सरकारनं तो तपासला आणि तो फोल ठरला. दुसरी कथा हुतात्म्याची आहे. गॉफमन काळाच्या पुढे होता, प्रस्थापितांनी त्याला दाबलं आणि पन्नास वर्षांनी तोच खरा ठरला. दोन्ही कथा ऐकायला बऱ्या आहेत, पण मूळ कागद शेजारी ठेवले की दोन्ही जागोजागी उसवतात.

कागद कोणते, हे आधी सांगितलं पाहिजे. सर्वांत भरवशाचे म्हणजे त्या त्या वेळी छापलेले निबंध. १९४९ चा ‘जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री’मधला, १७ फेब्रुवारी १९५० च्या ‘सायन्स’मधला, १९५६ चा हा अहवाल आणि १९६६ चा ‘सर्क्युलेशन’मधलाच आणखी एक. याशिवाय १९९४ साली अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं घेतलेली गॉफमनची दीर्घ मुलाखत उपलब्ध आहे. ती रसाळ आहे, पण घटना घडून चाळीस वर्षं उलटल्यावर दिलेली आहे. शिवाय मधल्या काळात किरणोत्सर्गाच्या प्रश्नावर गॉफमनचं सरकारी यंत्रणेशी कायमचं बिनसलेलं होतं. आपल्याकडे बखरीला जी जागा देतात तीच मी या मुलाखतीला देतो. माणसाचा स्वभाव समजायला ती उपयोगी आहे, तारखा आणि आकडे ठरवायला नाही.

गॉफमनचा जन्म १९१८ चा, क्लीव्हलँडचा. बर्कलेला ग्लेन सीबॉर्ग यांच्या हाताखाली त्यानं १९४३ मध्ये रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. युरेनियम-२३३ चं विखंडन होतं हे दाखवणाऱ्यांत तो होता, आणि अणुबाँबच्या प्रकल्पासाठी प्लुटोनियमचे अगदी सुरुवातीचे मिलिग्रॅम वेगळे करण्यातही त्याचा हात होता. त्यानंतर १९४६ मध्ये त्यानं वैद्यकीय पदवी घेतली. पुढचं सगळं भांडण समजायला ही पार्श्वभूमी लागते. अतिसूक्ष्म प्रमाणातले पदार्थ एकमेकांपासून सोडवण्याची सवय लागलेला हा माणूस हृदयरोगाकडे वळला, तेव्हा त्याला ‘रक्तातलं एकूण कोलेस्टेरॉल’ हा आकडा फारच ढोबळ वाटणार हे उघड होतं.

कोलेस्टेरॉलवर संशय आधीपासून होता. सेंट पीटर्सबर्गच्या निकोलाय अनिच्कोव्ह यांनी १९१३ मध्ये सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत चरबीचे थर तयार होतात हे दाखवलं होतं. माणसाच्या बाबतीत घोडं अडत होतं, कारण झटका आलेल्या कित्येकांचं कोलेस्टेरॉल निरोगी माणसांइतकंच निघे. शिवाय कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. रक्तातून ते सुटं फिरत नाही, प्रथिनं आणि इतर मेदांबरोबर बांधलेल्या कणांतून, म्हणजेच लायपोप्रोटीनमधून फिरतं. मिशेल माशबफ या फ्रेंच संशोधकानं घोड्याच्या रक्तद्रवातून असा मेद-प्रथिनांचा संयोग १९२९ च्या सुमारास वेगळा काढला होता. माणसाच्या रक्तात असे कण किती प्रकारचे आहेत, हे मात्र कोणी नीट मोजलेलं नव्हतं.

मोजायचं यंत्र होतं. स्वीडनमधल्या उप्साला इथे थिओडोर स्वेडबर्ग यांनी अल्ट्रासेंट्रीफ्यूज बनवलं होतं. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या या यंत्रात द्रवातले रेणू आपापल्या वजन-आकाराप्रमाणे वेगवेगळ्या गतीनं तळाकडे जातात. स्वेडबर्ग यांचे सहकारी काई पेडरसन यांनी १९४५ च्या आपल्या प्रबंधात रक्तद्रवातल्या एका चमत्कारिक घटकाची नोंद केली. त्याला त्यांनी ‘एक्स प्रथिन’ म्हटलं. द्रव पातळ केला की त्याचं प्रमाण बदले. पेडरसन यांना वाटलं की अल्ब्युमिन, ग्लोब्युलिन आणि मेद यांचा हा सैलसर संयोग असून तो पातळ करताना मोडत असावा.

१९४९ चा निबंध हा या प्रकरणातला माझ्या मते सर्वांत देखणा कागद आहे. गॉफमन, त्याचा विद्यार्थी फ्रँक लिंडग्रेन आणि हॅरल्ड इलियट अशी तीन नावं त्यावर आहेत. काम बर्कलेच्या डॉनर प्रयोगशाळेतलं. त्यांनी दाखवलं की एक्स प्रथिनाचा गोंधळ यंत्राच्या वाचनातला आहे. लायपोप्रोटीन मेदामुळे हलके असतात, त्यामुळे ते अल्ब्युमिनच्या मागे रेंगाळतात. दाट अल्ब्युमिनच्या सीमेपाशी त्यांची गर्दी होते आणि आलेखावर नसलेलाच एक आकार उमटतो. मिश्रणातल्या सीमा अशा फसवतात हे जॉन्स्टन आणि ऑग्स्टन यांनी १९४६ मध्ये मांडलेलं होतं.

यावरचा उपाय अगदी साधा निघाला. रक्तद्रवात मीठ घालून त्याची घनता १.०६३ पर्यंत वाढवायची. मग बाकीची प्रथिनं तळाशी जातात, आणि लायपोप्रोटीन दुधावर साय यावी तसे वर तरंगतात. ज्यांच्यात मेद जास्त ते लवकर वर येतात. या तरंगण्याच्या गतीला स्वेडबर्ग यांच्या नावावरून ‘एसएफ’ हे एकक मिळालं. आज आपण ज्याला एलडीएल म्हणतो तो मुख्यतः एसएफ ० ते १२ या पट्ट्यात बसतो, १२ ते २० मध्ये मधले कण, आणि २० ते ४०० मध्ये ट्रायग्लिसराइडनं भरलेले व्हीएलडीएल.

पुढच्याच वर्षी ‘सायन्स’मधला निबंध आला आणि खळबळ उडाली. कोलेस्टेरॉल खाल्लेल्या सशांत आधी हळू तरंगणारे कण वाढतात, मग वेगानं तरंगणारे दिसू लागतात, आणि या दुसऱ्या प्रकाराशी धमन्यांच्या रोगाचा संबंध आहे, असं त्यात मांडलं होतं. माणसांत एसएफ १० ते २० हा वर्ग झटका येऊन गेलेल्यांत अधिक वेळा आणि अधिक प्रमाणात आढळला. हा वर्ग रक्तातल्या एकूण कोलेस्टेरॉलवरून ओळखता येत नाही, आणि आहारातले मेद व कोलेस्टेरॉल कमी केल्यावर तो घटतो, हेही त्यात होतं. इतक्या थोड्या पानांत एवढं सगळं मांडणं हे धाडस होतं, आणि त्यात एक मोठी फट राहिली होती. रुग्ण सगळे झटका येऊन गेल्यानंतरचे होते. रक्तातला बदल रोगाआधीचा की रोगानंतरचा, हे अशा तुलनेतून सांगता येत नाही.

ती फट भरण्यासाठीच चार प्रयोगशाळांचा अभ्यास उभा राहिला. अमेरिकेत नॅशनल हार्ट इन्स्टिट्यूट १९४८ मध्ये स्थापन झालं होतं; त्याच्या सल्लागार परिषदेनं पैसा आणि समिती दिली. प्रयोगशाळा पुढीलप्रमाणे होत्या: बर्कलेची डॉनर, आयर्विन पेज यांचं क्लीव्हलँड क्लिनिक, फ्रेडरिक स्टेअर यांचा हार्वर्डमधला पोषणशास्त्राचा विभाग, आणि मॅक्स लॉफर यांची पिट्सबर्ग विद्यापीठातली. समितीतली नावं पाहिली की प्रकरणाचं वजन कळतं. अध्यक्ष कौल्स अँड्रस. अल्ट्रासेंट्रीफ्यूजचे जाणकार भौतिकशास्त्रज्ञ जेसी बीम्स. बोस्टनचे पॉल डडली व्हाइट, ज्यांना सप्टेंबर १९५५ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आल्यावर डेन्व्हरला बोलावलं गेलं. तांत्रिक गटात गॉफमनबरोबर क्लीव्हलँडच्या लीना लुइस, हार्वर्डचे जॉर्ज मान आणि हार्ट इन्स्टिट्यूटचे संख्याशास्त्रज्ञ फेलिक्स मूर होते. मान आणि मूर ही दोन नावं पुढे पुन्हा लागणार आहेत.

पद्धत योग्य होती. हृदयरोग नसलेल्या, चाळीस ते एकोणसाठ वयाच्या ४,९१४ पुरुषांचं रक्त आधी तपासायचं, मग वाट पाहायची, आणि ज्यांना झटका येईल त्यांचे जुने आकडे बाकीच्यांशी ताडून पाहायचे. अनेक केंद्रांत मिळून, रोग होण्याआधी मोजणी करून केलेला हा हृदयरोगावरचा अगदी सुरुवातीच्या अभ्यासांपैकी एक. वाट मात्र जेमतेम दोन वर्षं पाहिली गेली.

भांडण इथे सुरू झालं, आणि त्यात गॉफमनचा वाटा लहान नाही. अभ्यासाची आखणी एसएफ १० ते २० या पट्ट्यावरच्या दाव्यासाठी झाली होती. काम चालू असताना डॉनर गटाची मोजणी सुधारत गेली. पट्ट्याची हद्द १२ ते २० झाली, मग वरचे वर्गही महत्त्वाचे वाटू लागले, आणि १९५३-५४ च्या सुमारास त्यांनी नवा ‘अथेरोजेनिक निर्देशांक’ मांडला. एसएफ ० ते १२ च्या प्रमाणाला ०.१ नं गुणायचं, एसएफ १२ ते ४०० च्या प्रमाणाला ०.१७५ नं गुणायचं, आणि बेरीज करायची. दर मिलिग्रॅममागे वेगानं तरंगणारे कण जास्त घातक, असं या दोन गुणकांतून ते सांगत होते.

विज्ञान म्हणून ही प्रगती होती. परीक्षा म्हणून पाहिलं तर उत्तरपत्रिका जमा होत असताना प्रश्न बदलल्यासारखं झालं. ज्या तीन प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षं एका ठरलेल्या पद्धतीनं नमुने फिरवले, त्यांना आता सांगितलं जात होतं की खरा निकष दुसराच आहे. त्यांचा वैताग मला समजतो. बर्कलेच्या गटाला हा इतिहास सांगताना जी सहानुभूती मिळते, तिच्यातला थोडा भाग क्लीव्हलँड आणि पिट्सबर्गकडे वळवायला हरकत नाही.

आता अहवालाचं शेवटचं प्रकरण. बहुमत म्हणतं की लायपोप्रोटीनच्या मोजणीचा खर्च आणि गुंतागुंत पाहता, कोलेस्टेरॉलच्या साध्या तपासणीपेक्षा ती सरस ठरत नाही. डॉनर गट म्हणतो की निर्देशांक सरस आहे, आणि बहुमतानं केलेली मांडणी त्याला न्याय देत नाही. दोघेही एकाच माहितीकडे बोट दाखवतात.

बहुतेक इतिहास इथेच थांबतात, आणि मला वाटतं तिथेच ते चुकतात. समितीला विचारलेला प्रश्न होता: ‘हे महाग यंत्र त्या स्वस्त तपासणीपेक्षा चांगलं आहे का?’ दोन वर्षांत नव्यानं आजारी पडलेले पुरुष इतके थोडे होते, की एकमेकांशी जवळून जोडलेल्या दोन मोजमापांपैकी कोणतं वरचढ, हे त्यातून ठरणं जवळपास अशक्य होतं. ‘सरस असल्याचं दिसलं नाही’ हे बहुमताचं वाक्य त्यामुळे बरोबर आहे, आणि त्यातून ‘सरस नाही’ असा अर्थ काढणाऱ्यांचं चुकलं. हे झालं त्या प्रश्नाचं. पण याच आकड्यांत एका मोठ्या प्रश्नाचं उत्तर दडलेलं होतं. पुढे आजारी पडलेल्यांचं कोलेस्टेरॉलही आधीपासून जास्त होतं आणि लायपोप्रोटीनही. दोन्ही मोजमापांनी धोका आधीच दाखवला होता. रक्तातले हे कण रोगाच्या आधी वाढलेले असतात, ही १९५० च्या निबंधातली फट इथे भरून निघाली होती. डॅनियल स्टाइनबर्ग यांनी कोलेस्टेरॉलच्या वादाचा इतिहास लिहिताना यावर बोट ठेवलं आहे. ज्यावर चारही प्रयोगशाळांचं एकमत होऊ शकलं असतं ती गोष्ट भांडणाखाली गेली. वाचकांच्या लक्षात राहिलं ते दुमत.

याला पुरावा म्हणून मान आणि मूर यांच्याकडे वळू. एप्रिल १९५७ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ’मध्ये फ्रॅमिंगहॅम अभ्यासाचा पहिला मोठा अहवाल आला. लेखक तीन: थॉमस डॉबर, फेलिक्स मूर आणि जॉर्ज मान. काही महिन्यांपूर्वी लायपोप्रोटीनच्या अहवालावर सही असलेल्या दोघांनी तिथे लिहिलं की कोलेस्टेरॉल जास्त असलेल्यांत पुढे हृदयविकार जास्त होतो. तो निष्कर्ष जगभर गाजला. १९६१ मध्ये विल्यम कॅनेल आणि सहकाऱ्यांनी ‘जोखमीचे घटक’ ही कल्पना रूढ केली, आणि फ्रॅमिंगहॅम हे मॅसॅच्युसेट्समधलं गाव वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात जाऊन बसलं. चार प्रयोगशाळांचा अहवाल तळटीपेत गेला. ज्यात एकच निष्कर्ष होता तो कागद टिकला, यात नवल काही नाही.

यंत्राचंही तेच झालं. १९५५ मध्ये रिचर्ड हॅवल, हॉवर्ड एडर आणि जोसेफ ब्रॅगडन यांनी साध्या, वेगळं काढण्यापुरत्या सेंट्रीफ्यूजमध्ये घनतेच्या पायऱ्या करून लायपोप्रोटीन वेगळे करण्याची पद्धत दिली. गॉफमनचा तरंगण्याचा विचार त्यात पूर्ण आहे, फक्त आलेख वाचणारं महागडं यंत्र गळून पडलं. एलडीएल आणि एचडीएल ही घनतेवर आधारलेली नावं याच वाटेनं सर्वतोमुखी झाली.

एचडीएलचं प्रकरण तर आणखी दुर्लक्षित आहे. न्यूयॉर्कच्या डेव्हिड बार यांच्या गटानं १९५१ मध्येच लिहिलं होतं की हृदयविकाराच्या रुग्णांत हा जड वर्ग कमी असतो. गॉफमननं १९५४ ते १९५७ या काळात लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेतल्या १,९६१ पुरुष कर्मचाऱ्यांचं रक्त डॉनरच्या यंत्रावर मोजून ठेवलं, दहा वर्षांनी कोण आजारी पडलं ते पाहिलं आणि १९६६ मध्ये छापलं. ज्यांना पुढे हृदयविकार झाला त्यांच्यात एचडीएलचे दोन्ही उपवर्ग आधीपासून कमी होते. कोणी फारसं लक्ष दिलं नाही. ही गोष्ट सर्वमान्य व्हायला १९७७ उजाडलं, तेही फ्रॅमिंगहॅमच्या नव्या निबंधामुळे. तोपर्यंत गॉफमन हा विषय सोडून गेला होता. १९६९ पासून तो आणि आर्थर टॅम्प्लिन, जो लायपोप्रोटीनच्या निबंधांतही त्याचा सहलेखक होता, किरणोत्सर्गाचा धोका कमी लेखला जातो म्हणून अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाशी लढत होते. गॉफमन २००७ मध्ये वारला. लिव्हरमोरच्या त्याच जुन्या नोंदींवर पॉल विल्यम्स यांनी एकोणतीस वर्षांच्या पाठपुराव्याचा निबंध २०११ मध्ये प्रसिद्ध केला. मोजणी तीच होती, १९५० च्या दशकातली.

मग गॉफमन खरा ठरला का? निर्देशांकातले ०.१ आणि ०.१७५ हे गुणक आज कोणी वापरत नाही. एचडीएल वाढवणारी औषधं देऊन झटके टळतील ही आशाही फोल निघाली. तरी एका मूळ मुद्द्यावर तो ठाम उभा आहे. एकूण कोलेस्टेरॉलपेक्षा ते कोणत्या कणांतून आणि किती कणांतून वाहिलं जातं, हे जास्त महत्त्वाचं. एलडीएल आणि व्हीएलडीएल यांच्या प्रत्येक कणावर ‘अपोबी’ नावाचा एकच प्रथिन-रेणू असतो, त्यामुळे अपोबी मोजलं की कणांची शिरगणती होते. २०१९ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी, विशेषतः मधुमेह, लठ्ठपणा आणि वाढलेलं ट्रायग्लिसराइड असलेल्यांसाठी, ही तपासणी सुचवली आहे. हे तेच लोक आहेत ज्यांच्यात एकूण कोलेस्टेरॉल बेताचं दिसतं, पण एसएफ २० ते ४०० चा पट्टा फुगलेला असतो. पिष्टमय पदार्थांनी हा पट्टा वाढतो हे गॉफमननं १९५० च्या दशकातच लिहून ठेवलं होतं. भारतीयांत जास्त ट्रायग्लिसराइड आणि कमी एचडीएल ही जोडी वारंवार आढळते, म्हणून हा तपशील आपल्याला परका नाही.

१९५६ च्या त्या दोन पक्षांची तडजोड मात्र प्रत्येक पॅथॉलॉजी लॅबच्या कागदावर रोज छापली जाते. विल्यम फ्रीडवल्ड, रॉबर्ट लेव्ही आणि डोनाल्ड फ्रेडरिक्सन यांनी १९७२ मध्ये ‘क्लिनिकल केमिस्ट्री’त एक सूत्र दिलं: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करा, उरेल ते एलडीएल. गॉफमनचे कण आणि बहुमताची स्वस्त तपासणी, दोन्ही एका वजाबाकीत आले. तुमच्या लिपिड प्रोफाइलमध्ये एलडीएलच्या पुढे ‘कॅल्क्युलेटेड’ असं लिहिलेलं असेल, तर बहुधा तो आकडा यंत्रानं मोजलेला नसून या वजाबाकीतून आलेला आहे. सूत्र देणाऱ्यांनीच त्याची मर्यादाही सांगून ठेवली आहे. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे सूत्र लागू पडत नाही. तसा रिपोर्ट हाती आला, तर एलडीएलच्या त्या आकड्यावर विसंबू नका. थेट मोजलेलं एलडीएल किंवा अपोबी करून घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.